मेंदूचे स्वयंप्रतिकार आजार आणि प्रतिकारपेशींचे संदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मेंदूचा स्वयंप्रतिकार आजार’ हा एकच आजार आहे का?

नाही. ज्या आजारांत शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या नसेतील स्वतःच्याच घटकांवर उलटते, त्या सर्वांना मिळून हे नाव दिले जाते. त्यांतील सर्वांत परिचित आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, अर्थात एमएस. झां-मार्तँ शार्को या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने १८६८ मध्ये त्याचे सुस्पष्ट वर्णन केले. एमएसमध्ये चेतातंतूंवरील मायलिनचे वेष्टण नष्ट होते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात मुख्य मारा मायलिनवर होत नाही, तो ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींवर होतो. मॉग प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) आजारात मायलिनच्या बाह्य पृष्ठभागावरील एक प्रथिन लक्ष्य ठरते, तर स्वयंप्रतिकार एन्सेफलायटिसच्या, म्हणजे मेंदूदाहाच्या, काही प्रकारांत चेतापेशींवरील ग्राहीच (संदेश टिपणारी प्रथिनेच) प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात.

हे भेद केवळ नावापुरते नाहीत. प्रत्येक आजारात पेशींमधील संदेशांची साखळी वेगळ्या ठिकाणी बिघडलेली असते, आणि म्हणूनच एका आजारात गुणकारी ठरलेले औषध दुसऱ्यात अपाय करू शकते. इंटरफेरॉन-बीटा, नॅटालिझुमॅब आणि फिंगोलिमॉड ही एमएसची प्रस्थापित औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णांना दिली गेली तेव्हा आजार बळावल्याच्या नोंदी आहेत.

दाह म्हणजे जंतुसंसर्गच ना?

संसर्गामुळे दाह होतो, पण दाह होण्यासाठी संसर्ग लागतोच असे नाही. दाह ही ऊतींची प्रतिक्रिया आहे: रक्तवाहिन्या सच्छिद्र होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून ऊतीत जमतात, आणि त्या ठिकाणी रासायनिक संदेशांची गर्दी होते. बोटाला काटा रुतल्यावर ते लाल होऊन सुजते ते यामुळेच. मेंदूवर कवटीचे कवच असल्याने हे बाहेरून दिसत नाही. एमएसच्या ताज्या व्रणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मधोमध एक बारीक शीर दिसते, तिच्याभोवती गडद जांभळ्या केंद्रकांच्या लहान गोल पेशींचे दाट कडे असते, आणि त्या कड्यापलीकडे मायलिनचा रंग विरत गेलेला दिसतो. मेंदूतील दाहाचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल. ती गोल पेशींची गर्दी शिरेभोवतीच का आहे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच या क्षेत्राची अनेक दशके गेली आहेत.

प्रतिकारपेशी एकमेकींना ‘संदेश’ देतात म्हणजे नेमके काय करतात?

संदेश दोन प्रकारे जातात. पहिला प्रकार प्रत्यक्ष स्पर्शाचा: एका पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राहीत चपखल बसते. दुसरा प्रकार दुरून: पेशी सायटोकाइन नावाची लहान प्रथिने बाहेर सोडते, आणि ज्या पेशीवर त्यांना जुळणारा ग्राही असेल तिलाच ती ‘ऐकू’ येतात. इंटरल्युकिन, इंटरफेरॉन, टीएनएफ ही सारी सायटोकाइनचीच कुळे आहेत. केमोकाइन हे त्यांचेच भाऊबंद, पण त्यांचे काम पेशींना वाट दाखवण्याचे असते.

ग्राहीवर संदेश पोहोचला की खरी गंमत पेशीच्या आत सुरू होते. इंटरल्युकिन-६ चे उदाहरण घेऊ. ते ग्राहीला चिकटताच ग्राहीच्या आतल्या टोकाशी बसलेली जॅक नावाची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) जागी होतात आणि ग्राहीच्या शेपटावर फॉस्फेटचे गट चिकटवतात. त्या खुणेपाशी स्टॅट-३ नावाचे प्रथिन येऊन बसते, त्यालाही फॉस्फेट मिळते, त्याच्या दोन प्रती जोडीने केंद्रकात जातात आणि ठरावीक जनुके सुरू करतात. एखादी टी पेशी (पांढऱ्या प्रतिकारपेशींचा एक प्रकार) अजून कोणत्याही कामाला बांधलेली नसेल, तर हाच संदेश, टीजीएफ-बीटा या दुसऱ्या सायटोकाइनच्या सोबतीने, तिला टीएच-१७ या आक्रमक प्रकाराकडे वळवतो. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांचा मार्ग निराळा आहे. ते एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाला अडवून धरणारा लगाम तोडतात, आणि मोकळे झालेले ते प्रथिन केंद्रकात शिरून दाहाची डझनावारी जनुके चालू करते, ज्यांत टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांची स्वतःची जनुकेही असतात. म्हणजे संदेश पुन्हा तोच संदेश निर्माण करतो. दाह एकदा पेटला की आपणहून वाढत का जातो, याचे एक सरळ कारण इथे आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण पुढील बहुतेक उत्तरे तिच्यावरच उभी आहेत. कोणत्याही सायटोकाइनला स्वतःचा असा ठरलेला अर्थ नसतो. तो कोणत्या पेशीने ऐकला, कोणत्या जागी ऐकला आणि त्या वेळी आसपास आणखी कोणते संदेश घुमत होते, यावर त्याचा परिणाम ठरतो. ‘चांगले सायटोकाइन’ आणि ‘वाईट सायटोकाइन’ अशी जी विभागणी लोकप्रिय लेखनात आढळते, ती माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठी दिशाभूल आहे.

मायलिनवर उलटू शकणाऱ्या पेशी केवळ रुग्णांच्याच शरीरात असतात का?

नाही, त्या निरोगी व्यक्तींच्या रक्तातही सापडतात. टी पेशी थायमस ग्रंथीत घडतात, आणि स्वतःच्या शरीरावर फार जोमाने प्रतिक्रिया देणाऱ्या पेशी तिथेच मारल्या जातात. परंतु ही चाळणी पूर्णतः निर्दोष नाही. निसटलेल्या पेशींना आवर घालण्याचे काम नियामक टी पेशी करतात. फॉक्सपी-३ हे जनुक त्यांची ओळख ठरवते. सीटीएलए-४ हा पृष्ठभागावरील घटक वापरून त्या इतर पेशींना मिळणारे उत्तेजन तोडतात, तर इंटरल्युकिन-१० सारखी शमन करणारी प्रथिने सोडून वातावरण निवळते ठेवतात. या पेशींच्या आणि फॉक्सपी-३ च्या शोधासाठी मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

तेव्हा प्रश्न ‘स्वतःवर उलटणाऱ्या पेशी आल्या कुठून?’ असा नसून ‘गप्प बसलेल्या पेशींना जाग कोणी आणली?’ असा विचारायला हवा.

मग त्यांना जाग येते कशी?

टाळी एका हाताने वाजत नाही, आणि टी पेशीही एका संदेशाने जागी होत नाही. तिला तीन लागतात. प्रतिजन, म्हणजे प्रतिकारपेशी ओळखू शकतील असा अंश, सादर करणारी पेशी आपल्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूच्या खोबणीत प्रथिनाचा तुकडा धरून दाखवते, हा पहिला. त्याच वेळी सीडी-२८ या ग्राहीला समोरून दुजोरा मिळावा लागतो, हा दुसरा. दुजोरा नसेल तर पेशी पेटण्याऐवजी निष्क्रिय होते. तिसरा संदेश सायटोकाइनचा असतो, आणि जागी झालेली पेशी पुढे कोणते रूप घेणार हे तो ठरवतो: इंटरल्युकिन-१२ मिळाले तर स्टॅट-४ मार्गे टीएच-१, आणि इंटरल्युकिन-६ व टीजीएफ-बीटा मिळाले तर टीएच-१७.

पहिल्या संदेशात आनुवंशिकतेचा हात स्पष्ट दिसतो. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार असलेल्या व्यक्तींत एमएसचा धोका सुमारे तिप्पट असतो. हा रेणू मायलिनचे तुकडे अधिक चांगल्या रीतीने सादर करतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. असे असले तरी हा प्रकार असणाऱ्या बहुसंख्य लोकांना एमएस कधीच होत नाही.

बाहेरून पडणाऱ्या ठिणगीबाबत सर्वांत भक्कम पुरावा एपस्टाइन-बार विषाणूचा आहे. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने वापरून झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढल्याचे दिसले, आणि चेतापेशींना इजा झाल्याची रक्तातील खूणही संसर्गानंतरच वाढू लागली होती. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असे दाखवले की, काही रुग्णांतील प्रतिपिंड या विषाणूचे ईबीएनए-१ हे प्रथिन आणि मेंदूतील ग्लायलकॅम हे प्रथिन या दोहोंना चिकटतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. मात्र जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो. त्यामुळे विषाणू बहुधा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, इतकेच म्हणणे रास्त ठरेल.

मेंदूभोवती अडथळा असताना या पेशी आत शिरतात कशा?

मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, आणि त्यांच्याभोवती ॲस्ट्रोसाइटच्या पावलांचे आवरण असते. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. मेंदू हा प्रतिकार यंत्रणेपासून पूर्णतः तुटलेला प्रदेश आहे, असे या अडथळ्यामुळे बराच काळ मानले जाई; २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या (प्रतिकारपेशी वाहून नेणाऱ्या नलिका) असल्याचे उंदरांत दाखवले गेल्यावर ते चित्र आणखी पालटले.

आत शिरण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. रक्ताच्या प्रवाहात वेगाने चाललेली टी पेशी शिरेच्या भिंतीला स्पर्श करते आणि घरंगळू लागते. भिंतीवरच्या केमोकाइनचा संदेश मिळताच तिच्या पृष्ठभागावरील अल्फा-४ इंटेग्रिन आपला आकार बदलते आणि भिंतीवरील व्हीकॅम-१ ला घट्ट पकडते. पेशी थांबते. मग ती चपटी होऊन भिंतीवर रांगते. उंदरांच्या मेंदूवरणातील शिरांचे थेट चित्रण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात कित्येक पेशी रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने रांगताना दिसतात. योग्य जागा सापडली की ती भिंतीतून अंग चोरून पलीकडे जाते.

शांत मेंदूत भिंतीवर व्हीकॅम-१ फारसे नसतेच. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ चा संदेश मिळाल्यावर ते उगवते. म्हणजे पहिल्या काही पेशी कशाबशा शिरतात, आत जाऊन सायटोकाइन सोडतात, आणि त्या सायटोकाइनमुळे भिंत पुढच्या पेशींसाठी अधिक चिकट होते. शिरेभोवतीचे ते जांभळे कडे असे तयार होते.

अल्फा-४ इंटेग्रिन अडवले तर दाह रोखता येतो, हे १९९२ मध्ये प्राण्यांत दाखवले गेले आणि त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध आले. त्याला २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २००५ च्या फेब्रुवारीत ते मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह परतले. मधल्या काळात काही रुग्णांना जेसी विषाणूमुळे होणारा पीएमएल हा मेंदूचा गंभीर संसर्ग झाला होता. मेंदूत जाणाऱ्या पहारेकऱ्यांची वाट बंद केली की विषाणूंवर लक्ष ठेवणारेही बाहेरच अडकतात, हा त्याचा सरळ अर्थ.

आत शिरल्यावर नुकसान थेट टी पेशीच करतात का?

फार थोडे. टी पेशीचे मुख्य काम इतरांना चिथावण्याचे असते. आत आल्यावर तिला आपला प्रतिजन पुन्हा एकदा दिसावा लागतो. तो दिसला नाही तर ती तिथे टिकत नाही. दिसला तर ती जीएम-सीएसएफ, इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-१७ सोडू लागते. यांपैकी जीएम-सीएसएफ विशेष महत्त्वाचे. ते बनवू न शकणाऱ्या टी पेशी उंदरांत आजार उत्पन्न करू शकत नाहीत, असे २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. हा संदेश रक्तातून आलेल्या मोनोसाइट पेशी ऐकतात, आणि मायलिन ओरबाडून गिळणाऱ्यांत त्यांचाच भरणा अधिक असतो.

मायक्रोग्लिया ही मेंदूची कायम वस्तीला असलेली प्रतिकारपेशी. पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये तिला वेगळी ओळख दिली, आणि ती रक्तपेशींच्या नेहमीच्या कारखान्यातून न येता गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत पीतक पिशवीतून मेंदूत येते, हे २०१० मध्ये उंदरांत सिद्ध झाले. चिथावलेली मायक्रोग्लिया इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही तीन प्रथिने सोडते. एरवी चेतापेशींचे पोषण करणारे ॲस्ट्रोसाइट या तिघांच्या एकत्रित प्रभावाने आपले काम सोडून चेतापेशींनाच मारक ठरू शकतात, असे २०१७ च्या प्रयोगांत आढळले. भरीस भर म्हणून सच्छिद्र झालेल्या शिरेतून फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन पाझरते, आणि मायक्रोग्लिया त्यालाही इजेची खूण समजून अधिक चिडते.

टीएच-१ की टीएच-१७? खरा दोषी कोण?

या प्रश्नाचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. प्राण्यांत मेंदूचा स्वयंप्रतिकार दाह घडवण्याची पद्धत थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माकडांवर सुरू केली. सशाच्या चेताऊतीपासून बनवलेली रेबीजची लस घेतलेल्या काही जणांना पक्षाघात का होतो, हे त्यांना शोधायचे होते. पुढे याच प्रारूपावरून असा समज रुजला की आजार टीएच-१ पेशींचा आहे, कारण इंटरल्युकिन-१२ चा पी-४० हा घटक अडवला की उंदीर बरे राहत.

अडचण एवढीच होती की पी-४० हा घटक इंटरल्युकिन-२३ मध्येही असतो, आणि हे सायटोकाइन तोवर कोणाला ठाऊकच नव्हते. २००३ मध्ये दोन्ही वेगळे करून पाहिल्यावर दिसले की इंटरल्युकिन-१२ नसलेले उंदीर आजारी पडतात, इंटरल्युकिन-२३ नसलेले पडत नाहीत. काही वर्षे टीएच-१ ला जबाबदार धरले ते पी-४० च्या भागीदारीमुळे. त्यानंतर टीएच-१७ पेशींचा बोलबाला झाला.

मात्र माणसाने पुन्हा धडा शिकवला. पी-४० अडवणारे युस्टेकिनुमॅब हे औषध सोरायसिसमध्ये उत्तम चालते, पण एमएसच्या २४९ रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, ते निष्प्रभ ठरले. इंटरल्युकिन-२३ ची गरज पेशी घडताना असते, आणि निदान होईपर्यंत तो टप्पा उलटून गेलेला असतो, हे त्याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. इंटरल्युकिन-१७ थेट अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबने एका लहान चाचणीत नवे व्रण कमी केले. तेव्हा दोषी एकच शोधण्याचा आग्रह सोडलेला बरा.

टीएनएफ दाह वाढवते, तर ते बंद करून एमएस बरा का होत नाही?

संधिवातात टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी क्रांती केली. त्याच तर्काने लेनर्सेप्ट हे टीएनएफरोधक एमएसच्या १६८ रुग्णांत तपासले गेले. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे: औषध घेणाऱ्यांत आजाराचे झटके, म्हणजे रिलॅप्स, प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ उपचार) घेणाऱ्यांपेक्षा अधिक होते. संधिवातासाठी अशी औषधे घेणाऱ्या काही थोड्या व्यक्तींतही मायलिन नष्ट होण्याचा आजार सुरू झालेला आढळतो. म्हणूनच ज्यांना एमएस आहे त्यांना ही औषधे सहसा दिली जात नाहीत.

कारण ग्राहीत आहे. टीएनएफला दोन ग्राही असतात. पहिला दाह आणि पेशीमृत्यूचा संदेश देतो. दुसरा, टीएनएफआर-२, मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशींना वाढीस लावतो आणि नियामक टी पेशींनाही बळ देतो. दोन्ही बंद केले की सुक्याबरोबर ओलेही जळते.

उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे. इंटरफेरॉन या नावाच्या रेणूंनी विषाणूंना अटकाव होतो, म्हणून १९८० च्या दशकात एमएसच्या १८ रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा देण्यात आले. त्यांपैकी ७ जणांना उपचारादरम्यान रिलॅप्स झाला आणि प्रयोग थांबला. इंटरफेरॉन-बीटा हे त्याच कुळातील सायटोकाइन मात्र १९९३ मध्ये एमएसवरचे मान्यताप्राप्त औषध बनले. आडनाव एक म्हणून स्वभाव एक असे गृहीत धरण्यात अर्थ नसतो.

तिसरे उदाहरण डॅक्लिझुमॅबचे. इंटरल्युकिन-२ हे टी पेशींच्या वाढीचे मुख्य सायटोकाइन. त्याच्या ग्राहीचा सीडी-२५ हा भाग अडवणाऱ्या या औषधाने रिलॅप्स खरोखर कमी झाले आणि २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण इंटरल्युकिन-२ वर सर्वाधिक विसंबून असतात त्या नियामक टी पेशी. मेंदूदाहाच्या गंभीर घटनांनंतर २०१८ च्या मार्चमध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. या घटनांमागे नेमकी कोणती पेशी होती याबद्दल मतभेद असू शकतील, पण जो संदेश हल्लेखोर आणि पहारेकरी दोघेही ऐकतात, तो सरसकट बंद करणे जोखमीचे असते, हे नाकारता येणार नाही.

बी पेशींवरील औषधांनी प्रतिपिंड फारसे घटत नाहीत, तरी ती लागू कशी पडतात?

बी पेशी म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या प्रतिकारपेशी. रिटुक्सिमॅब, ओक्रेलिझुमॅब ही औषधे सीडी-२० हा खुणेचा रेणू असलेल्या बी पेशी नष्ट करतात. प्रतिपिंडांचे उत्पादन करणाऱ्या प्रौढ प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतो, त्यामुळे त्या वाचतात. एमएसच्या बहुतेक रुग्णांच्या मेरुद्रवात दिसणारे प्रतिपिंडांचे विशिष्ट पट्टेही उपचारानंतर बहुधा तसेच राहतात. तरीही २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिटुक्सिमॅबच्या १०४ रुग्णांवरील चाचणीत एमआरआयवरील नवे दाहयुक्त व्रण काही आठवड्यांतच ओसरले.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की एमएसमध्ये बी पेशींचा मोठा वाटा प्रतिपिंडांमार्फत नसून संदेशांमार्फत असतो. त्या टी पेशींना प्रतिजन सादर करतात, आणि रुग्णांत जीएम-सीएसएफ, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी चिथावणारी सायटोकाइन अधिक प्रमाणात सोडतात. त्या गेल्या की टी पेशी आणि मायलॉइड पेशीही (मोनोसाइट वगैरे) शांतावतात. याच्या नेमके उलट अटासिसेप्ट या औषधाबाबत झाले. ते बी पेशींना जगवणाऱ्या बाफ आणि एप्रिल या दोन सायटोकाइनना अडवते, त्याने प्रतिपिंड घटले, पण एमएसचे रिलॅप्स वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. इंटरल्युकिन-१० बनवणाऱ्या शांत बी पेशींचे बळही त्यात गेले असावे, असा तर्क केला जातो.

ओक्रेलिझुमॅबला २०१७ मध्ये मान्यता मिळाली, आणि सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएससाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध ठरले.

न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात काय वेगळे घडते?

इथे मात्र प्रतिपिंडच मुख्य आरोपी आहे. २००४ मध्ये मेयो क्लिनिकमधील व्हांडा लेनन आणि सहकाऱ्यांनी तो शोधला, आणि पुढच्याच वर्षी त्याचे लक्ष्य ॲक्वापोरिन-४ असल्याचे स्पष्ट झाले. हे पाण्याची ये-जा सांभाळणारे प्रथिन ॲस्ट्रोसाइटच्या शिरांकडील पावलांवर दाटीने असते. प्रतिपिंड तिथे चिकटले की कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातील प्रथिनांची साखळी पेटते: तिचा शेवटचा टप्पा पेशीच्या आवरणाला भोके पाडतो, आणि वाटेत सुटलेले सी५ए हे तुकडे न्यूट्रोफिल पेशींना बोलावून घेतात.

साखळी नीट कळल्यामुळे तिची कडी नेमकी तोडता आली. सी५ अडवणाऱ्या एक्युलिझुमॅबच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्या ९६ पैकी ३ जणांना रिलॅप्स झाला, तर प्लासिबो घेणाऱ्या ४७ पैकी २० जणांना. मेंदूच्या स्वयंप्रतिकार आजारांत इतका ठळक फरक विरळाच. कॉम्प्लिमेंट बंद असताना मेनिंगोकोकस जिवाणूंचा धोका वाढतो, म्हणून आधी त्याची लस घेणे आवश्यक असते. इंटरल्युकिन-६ प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींना जगवते. त्याचा ग्राही अडवणारे सॅट्रालिझुमॅब आणि बी पेशींवरील सीडी-१९ या रेणूला लक्ष्य करणारे इनेबिलिझुमॅब ही दोन औषधे २०२० मध्ये आली.

सगळ्याच स्वयंप्रतिकार एन्सेफलायटिसमध्ये मोठा दाह असतो का?

नसतो. २००७ मध्ये होसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या एनएमडीए ग्राहीविरोधी एन्सेफलायटिसमध्ये प्रतिपिंड चेतापेशीवरील एनएमडीए नावाच्या दोन-दोन ग्राहींना एकत्र बांधतात, आणि चेतापेशी ते पृष्ठभागावरून आत ओढून घेते. पेशी मरत नाही, तिचे ग्राही केवळ नाहीसे होतात. त्यामुळे भ्रम, आकडी येणे, बोलणे थांबणे अशी भयावह लक्षणे असूनही एमआरआय पुष्कळदा जवळजवळ निर्दोष दिसतो, आणि महिनोन्महिने चाललेल्या उपचारांनंतर रुग्ण लक्षणीय प्रमाणात सावरू शकतो. काही स्त्रियांत बीजांडकोशातील टेराटोमा नावाची गाठ या प्रतिपिंडांचे मूळ असते, कारण तिच्यात चेताऊती असू शकते. काहींत हा आजार नागीण कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या मेंदूज्वरानंतर उद्भवतो.

एमएस असताना गरम पाण्याने अंघोळ केल्यावर नजर अंधुक होते. दाह वाढला असे समजावे का?

सहसा नाही. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी याची नोंद केली. मायलिन गेलेला तंतू संदेश कसाबसा वाहत असतो, आणि शरीराचे तापमान अर्ध्या-एक अंशाने वाढले तरी तो वहनात अडखळतो. शरीर थंड झाल्यावर नजर पूर्ववत होते. लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, किंवा नवे लक्षण उद्भवले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

रिलॅप्स थांबले तरी अपंगत्व का वाढते?

कारण दाहाचे दोन स्तर असतात. एक बाहेरून येणाऱ्या पेशींचा, जो रिलॅप्स घडवतो आणि ज्यावर आजची औषधे प्रभावी आहेत. दुसरा बंद दाराआड धुमसणारा: मेंदूवरणात जमलेल्या बी पेशी, आणि जुन्या व्रणांच्या कडेला लोहाने भरलेल्या मायक्रोग्लियाचे कडे. विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये हे कडे काळ्या रिंगणासारखे दिसते, आणि अशा व्रणांची संख्या अधिक असलेल्यांत अपंगत्व अधिक वेगाने वाढते.

या दुसऱ्या स्तरापर्यंत पोहोचण्यासाठी बीटीके या विकराला अडवणारी औषधे तपासली जात आहेत. बी पेशी आणि मायक्रोग्लिया दोघीही आतील संदेशवहनासाठी बीटीके वापरतात, आणि हे रेणू लहान असल्याने मेंदूत शिरू शकतात. त्यांपैकी टोलेब्रुटिनिबच्या चाचण्यांचे निकाल विचार करायला लावणारे आहेत. रिलॅप्स कमी करण्यात ते टेरिफ्लुनोमाइड या एमएसच्या प्रचलित औषधापेक्षा सरस ठरले नाही, पण रिलॅप्स नसलेल्या दुय्यम वाढत्या एमएसमध्ये (रिलॅप्सच्या टप्प्यानंतर हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारात) त्याने अपंगत्व वाढण्याचा धोका प्लासिबोच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी घटवला. यकृताला होणारी इजा ही त्याची गंभीर बाजू आहे. दोन स्तर खरोखर वेगळे आहेत, याचा इतका थेट पुरावा औषधाच्या चाचणीतून यापूर्वी क्वचितच मिळाला होता.

रिलॅप्समध्ये दिले जाणारे स्टिरॉइड काय करते?

मिथाइलप्रेडनिसोलोन बहुधा रोज १ ग्रॅम याप्रमाणे ३ ते ५ दिवस शिरेतून दिले जाते. ते एनएफ-कप्पा-बीचा मार्ग दाबते, अनेक टी पेशींना मृत्यूकडे ढकलते आणि सच्छिद्र शिरा पुन्हा घट्ट करते. सुधारणा लवकर होते, मात्र दीर्घकालीन अपंगत्वावर त्याचा परिणाम सिद्ध झालेला नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधे किंवा काढे घ्यावेत का?

स्वयंप्रतिकार आजारात शक्ती कमी पडलेली नसते, तिची दिशा चुकलेली असते. जे उत्पादन खरोखरच प्रतिकारपेशींना उत्तेजित करत असेल ते इथे नको आहे, आणि जे करत नसेल त्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही. चालू औषधांशी त्याचा विरोध होतो का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नष्ट झालेले मायलिन पुन्हा तयार होते का?

होते, आणि गंमत म्हणजे त्यासाठीही दाहपेशींचीच मदत लागते. मायलिनचा मलबा तसाच पडून राहिला तर नवीन ऑलिगोडेंड्रोसाइट परिपक्व होत नाहीत. मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज तो गिळतात, त्यातील कोलेस्टेरॉल पचवून बाहेर काढतात, आणि मग चिथावणीची भाषा सोडून ॲक्टिव्हिन-ए सारखे दुरुस्तीचे संदेश देऊ लागतात. वय वाढते तशी त्यांची ही पचनशक्ती मंदावते, आणि दुरुस्ती अर्धवट राहते. जिथे ती पुरी होते तिथे नवे वेष्टण मूळच्यापेक्षा पातळ असते. रंगवलेल्या कापात असा भाग ना पूर्ण गडद ना पूर्ण फिका, सावली पडल्यासारखा दिसतो, आणि विकृतिशास्त्रज्ञ त्याला सावलीचा व्रण असेच म्हणतात.